मेंढरांच्या मशीनवर पैलवान

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगरच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका साहेबांनी परदेशी मशीन आणलं होतं. मेंढराच्या पाठीला तेल चोळून कांडी टेकवली, की आत आवाज जाई आणि चरबी किती, मांस किती ते पडद्यावर दिसे.

आम्हां बघ्यांच्या गर्दीतून पोट सुटलेला एक पैलवान पुढे आला. सदरा वर करून म्हणाला, "मला लावा. बायको चरबी म्हनती. समदी ताकद हाय."

त्यानं पोट इतकं आत ओढलं, की लेंगा घसरायला लागला. तो एका हातानं धरून ठेवला.

"चरबीच आहे. चांगली दोन बोटं," साहेब म्हणाले.

पैलवान चिडला नाही. मशीन थोपटत म्हणाला, "सकाळपासनं मेंढरंच बघतंय बिचारं. त्याला मानूस कुठनं कळनार?"

परवा सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "लिव्हरवर चरबी दिसतेय."

मी मशीनकडे बघत विचारलं, "सकाळपासून कुणाकुणाला तपासलंय यानं?"