पहिल्याची सर

रविवारी दुपारी नवरा कानाला हेडफोन लावून मित्रांशी वाद घालत होता. कॉलेजपासून ते सगळे बंदुकांचा एक गेम खेळतात, त्याचा दुसरा भाग आला होता. "दिसायला भारी आहे रे, पण पहिल्याची सर नाही," तो म्हणाला. मग पलीकडचं ऐकून हसला. "सवय होईल म्हणतोस? बघू."

भाजी निवडता निवडता माझा हात थांबला. लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "स्थळ चांगलं आहे, पण दुसरेपणावर जाते आहेस, एवढं लक्षात ठेव." त्याच्या पहिल्या बायकोला मी कधी पाहिलं नाही. ती वारली, आणि तेव्हापासून तिच्या आमटीत मीठ कधी जास्त पडलेलं नाही. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? त्या नव्या गेमचाही दोष एवढाच की तो नंतर आला.

मी चहा नेऊन दिला. घोट घेऊन तो म्हणाला, "मस्त झालाय," आणि नावं ठेवलेला तोच गेम पुन्हा खेळू लागला. मला त्या गेमचासुद्धा हेवा वाटला. त्याला निदान तोंडावर सांगितलं होतं.