तीन ते चारचा अभ्यास

अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये मी अकाउंट्सचा मॅनेजर आहे. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला पहिला मीच. परीक्षेच्या दिवशी सकाळी अमरावतीच्या बाजारात मेथी विकून पेपरला गेलो होतो, हे मी अजूनही सांगतो. सांगायला आवडतं.

माझ्या हाताखालची एक अकाउंटंट रोज अमरावतीहून रेल्वेनं यायची. कॉस्ट अकाउंटन्सीच्या इंटरला बसली होती. पास झाली तर तिला ऑफिसर करायचं शेठनी कबूल केलं होतं. तिला लहान पोर होतं. सासूनं ते सांभाळायचं मान्य केलं, पण यंदापुरतंच.

मी म्हणालो, "तीन ते चार अभ्यास करत जा. मी आहे ना." शेठना विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर? त्यापेक्षा गुपचूप बरं. उघड्या रजिस्टरच्या आत पुस्तक ठेव, असंही मीच शिकवलं. मग ती सगळ्यांना कामावरच दिसायची. ट्रकचे ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मागायचे, हमाल हजेरी विचारायचे. एकदा गोदामबाबूला पुस्तक दिसलं.

"काय वं ताई, आमच्यावर साहेबीण होऊन राहिली का?"

"झाली तं पयले तुमचीच हजेरी घेईन, भाऊ."

सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात चार वाजले.

परीक्षेची सुट्टी मी तोंडीच दिली. तिसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी बँकेचा माणूस स्टॉक तपासायला आला. कोणत्या गोदामातली किती तूर, किती हरभरा बँकेकडे तारण, हा हिशेब तिलाच ठाऊक. दुसऱ्या कोणाला ते काम शिकवून ठेवावं, हे वर्षभर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेठनी विचारलं, "त्या कुठे आहेत?" मी सुट्टी दिली आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बोलावतो."

फोनवर ती म्हणाली, "सर, उद्या पेपर आहे माया."

"मालूम आहे मले. दोन तासाचं काम आहे. मले कोनं सुट्टी देल्ली व्हती? मी मेथी इकून पास झालो."

ती आली. दोन तासांचे सहा झाले. त्याच पेपरात नापास झाली आणि पूर्ण ग्रुप गेला, म्हणजे त्यातले बाकीचे पेपरही पुन्हा द्यायचे.

निकालानंतर मी शेठकडे गेलो. पुढच्या वेळेसाठी महिनाभराची सुट्टी लेखी मागितली, रोजचा तासही मागितला. शेठनी तिथल्या तिथे सही केली. म्हणाले, "एवढंच ना? मग आधी काहून नाही बोलले?"

कागद तिच्या टेबलावर ठेवला. तिनं पूर्ण वाचला.

"आता काय करू याचं, सर? सासूबाई परवाच गावाले गेल्या. पुस्तकं देऊन टाकली मी."

मी पुन्हा शेठशी बोलतो म्हणालो.

"शेठ काय माया पोराले सांभायतील का?" असं म्हणून तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि बाहेर बिल्टीसाठी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला आत बोलावलं.