घासलेल्या पट्ट्या

कमीत कमी तोंड उघडून जास्तीत जास्त बोलण्यात माझ्या साडूंचा हात साऱ्या भिवंडीत कुणी धरणार नाही. ते पॉवरलूमचे मिस्त्री. तिथल्या खडखडाटात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात, त्यामुळे वीस वर्षं गालात तंबाखू-सुपारी कोंबून यांचं तोंड आखडत चाललंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वडापाव ते आधी तळहातांत दाबून चपटा करत आणि मग पेटीत पत्र टाकावं तसा आत सरकवत. तिखट झोंबायला लागलं तेव्हा त्यांनी ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, मसाल्याला नावं ठेवली. बिचारीने मसाला बदलला.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, यांची जेमतेम दीड जात होती. डॉक्टरांनी तंबाखू-सुपारी कायमची बंद करायला सांगितली, गालात इंजेक्शनं दिली आणि आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायला लावल्या. रोज तीनदा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन. त्या नुसत्या शब्दाने साडूंना घाम फुटायचा.

मग प्रगती जोरात सुरू झाली. अकरा पट्ट्या, तेरा, सतरा. रोज संध्याकाळी ताई मोजायची, हसायची आणि मला फोनवर आकडा कळवायची. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाहिलं, तर तोंड होतं तेवढंच. त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या. कानशीने घासून घासून पार पातळ केलेल्या.

साडू शांतपणे म्हणाले, "बसत न्हाय तर पार्ट घासाचाच ना, डॉक्टर. लूमवर आमी तेच करताव."

त्यांच्या घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं, जरा रागातच. ती तांदूळ निवडत होती.

"माहीत हाय," ती म्हणाली. "रोजचा भुसा मीच झाडत होते ना. पन पट्ट्या होत्या तवर तरी तोंडात तंबाखू नव्हती."

साडूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. उघडलं तेवढंच, दीड बोट. मला त्या माणसाची इतकी माया पूर्वी कधी वाटली नव्हती. मग त्यांनी खुणेनेच माझा फोन मागितला, डॉक्टरांचा नंबर लावायला लावला आणि ऑपरेशनची तारीख विचारली. पलीकडच्याला शब्द कळेनात, म्हणून त्यांनी ते तीनदा विचारलं.