ताईचा गळा आणि तो अल्बम

दाजींनी ताईचा गळा दाबला तो स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकवून. शेंद्र्याच्या एका कंपनीतून तिला मुलाखतीचा फोन आला आणि तिनं तो त्यांच्यादेखत घेतला, एवढंच कारण. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानं बेल वाजवली म्हणून ती वाचली. ती चितेगावहून एकटीच आमच्या चिकलठाण्याच्या घरी आली तेव्हा मानेवर अंगठ्यांचे काळेनिळे वळ होते, आणि बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची. स्वरयंत्राला मार बसलाय, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवसापासून त्या माणसाला मी दाजी म्हणणं सोडलं.

मी तेव्हा एका प्रेस शॉपमध्ये होतो. दिवसभर पत्रा कापणाऱ्या मशीनींचा दणका, आणि घरी येऊन हेडफोनमध्ये पुन्हा दणकाच. आईला याचं नवल वाटायचं. थंड मुलखातल्या एका बँडचा सिंफनिक ब्लॅक मेटलचा अल्बम होता तो. ड्रम इतके जलद की एकेक ठोका वेगळा कळत नाही, गिटारी करवतीसारख्या, आणि गायक गात नाही, कातडी सोलत असल्यासारखा किंचाळतो. या सगळ्याच्या मागं मात्र पूर्ण वाद्यवृंद, व्हायोलिन, तुताऱ्या आणि शेकडो गळ्यांचा कोरस. कंपनीतल्या दणक्याला काही अर्थ नसायचा. इथं तोच दणका चढत जायचा, फुटायचा, आणि ढिगाऱ्यातून व्हायोलिन वर यायचं. त्यासाठी मी ऐकायचो.

बोलणं बंद असलेली ताई दिवसभर पुढच्या खोलीत बसून असायची. एकदा तिनं खुणेनं हेडफोन मागितला. मी घाबरून जुनी भावगीतं लावून दिली. तिनं मान हलवली आणि माझ्या मोबाइलकडं बोट दाखवलं. तिला अजून त्रास होईल असं मला वाटत होतं, तरी मी अल्बम लावला. ती मुठी आवळून, जबडा घट्ट मिटून ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हेडफोन काही काढेना. शेवटी तिनं मोबाइलवर लिहून मला दाखवलं, "मीपण अशीच वरडत होते. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ह्याच्या मागं बघ किती जण उभे आहेत."

इतकी वर्षं ऐकूनही मला हे कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर ती रोज ऐकायची.

एका रविवारी दुपारी तिचा नवरा जॅकचा रॉड घेऊन आला. आधी त्यानं अंगणातल्या मोटारसायकलीचा दिवा आणि टाकी फोडली. आईनं दाराला कडी घातली, तसा तो खिडकीकडं वळला. काचा फुटून आत आल्या. ताई खिडकीशेजारीच होती. त्यानं गजांतून हात घालून तिचे केस धरले आणि डोकं गजावर आपटलं, पुन्हा आपटलं. मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. तरी त्यानं केस सोडले नाहीत, म्हणून अजून एकदा घातला.

तेव्हा ताई ओरडली. महिनाभर मिटलेला तो गळा फाटून निघाल्यासारखा आवाज होता, माणसाचा वाटत नव्हता. समोरची काकू कपडे बडवायचं धोपाटणं घेऊनच धावली. तिच्यामागून गल्लीतले बाकीचे आले. त्यांनी त्याला खाली पाडलं आणि मारायला सुरुवात केली. मीही बाहेर जाऊन त्यात शिरलो. कपाळातून रक्त गळत असलेली ताई दारात आली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बास. मरंल तो. पोलिसांना बोलवा."

लोक थांबले.

त्या ओरडण्यानं गळा पुन्हा सुजला आणि आवाज कायमचा बसला. शेंद्र्याची ती नोकरी तिला मिळाली नाही, दुसऱ्या कंपनीत मिळाली. कोर्टात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मोठ्यानं बोला, असं तिला दोनदा सांगण्यात आलं. ती न्यायाधीशबाईंना म्हणाली, "मॅडम, एवढाच आवाज राहिलाय. तो पंखा बंद करायला लावा." पंखा बंद झाला. लई उकडत होतं, पण तिनं फ्रिजपासून खिडकीपर्यंत सगळं सांगितलं आणि कुणी मधे बोललं नाही.

घटस्फोट मिळाला. त्याच्यावरचा खटला अजून चालू आहे. मनगट मोडल्याबद्दल त्यानं माझ्यावरही तक्रार केलीय. कधीकधी आमच्या दोघांच्या तारखा एकाच दिवशी येतात, मग आम्ही बहीणभाऊ एकाच गाडीवर जातो.