दाखल्यावरचं वय

आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला यायचा. आई-बापांना विचारलं की म्हणायचे, "पोळ्याच्या मागंपुढं झालंय बघा." मग आम्ही एक जून टाकून मोकळे! शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या अलीकडं गाव होतं आणि मी पहिलीची बाई होते. नोकरी नवी, पटावर पोरं कमी. थोरल्या बहिणीचा हात धरून येणारी एक चिमुरडी चार वर्षांची होती, पण पाढे म्हणायची खणखणीत. मी नोंदवहीत तिला सरळ सहा वर्षांची करून टाकलं. तेव्हा कौतुकच वाटलं स्वतःचं.

बारा वर्षांनी, बारावीची परीक्षा देऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "बाई, लगीन ठरवलंय माझं. मला नको. मला नर्सिंगला जायचंय."

मी तडक तिच्या घरी गेले. वडिलांनी बसायला घोंगडी टाकली, पेटीतून शाळेचा दाखला काढला आणि माझ्यापुढं धरला. "तुमीच सांगता ना बाई, अठराच्या आत करू नका म्हणून? एक जूनला अठरा पुरी, चार तारखंला लगीन. अक्षर तुमचंच हाय."

अक्षर माझंच होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस वाईट नव्हता. नवरा मुलगा दौंडला रेल्वेत कायम, राहायला क्वार्टर. असं स्थळ कोण सोडतं?

"आप्पा, हे मी खोटं लिहिलंय," मी म्हणाले. त्यांना पटेना. माझ्या नोकरीवर येईल हे कळत होतं, पण ग्रामसेवकाच्या मागं लागून मी जन्माच्या नोंदींची जुनी वही काढायला लावली. दोन दिवस पानं चाळली. नोंद सापडली तेव्हा मी तिथंच डोळ्यांना पदर लावला. पोरगी सोळाचीच होती.

नक्कल घेऊन, आप्पांनाही घेऊन मी एसटीनं दौंडला रेल्वे कॉलनीत गेले. मुलाच्या वडिलांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "बरं झालं आधी आलात, बाई. ह्यात पोराची नोकरी गेली असती. आमी दुसरीकडं बघतो."

परतताना एसटी शिरूर रस्त्याला लागल्यावर आप्पा म्हणाले, "नर्सिंगचा फारम कवा असतो?" मला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या अनोळखी बाईला मी उगाच पेरू कापून दिला.

घरी पोरीनं चहा केला, साखर भसाभस घातली. हसत होती, नाक पुसत होती. मध्येच म्हणाली, "बाई, ती वही सापडलीच नसती तर?"

"मग अवघड होतं बाळा."

"पन मी नको म्हणत व्हते की. ते कुणी धरलं नसतं?"

तिला राग नव्हता आला, खरंच विचारत होती. मी कप खाली ठेवला. तिचं 'नको' मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. आणि ते तिच्या वडिलांना, ग्रामसेवकाला, दौंडच्या पाहुण्यांना, कुणालाच एकदाही सांगितलं नव्हतं.