माह्या वाट्याची वाक्यं

"वडनेरवाली कचरा बाहेर नेते."

सरायनं हे फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'टेक्स आउट'खाली रेघ ओढली अन् मंग मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. सारा क्लास हासला. वडनेरवाली म्हणजे मी. वडनेर भोलजीहून रोज एसटीनं नांदुऱ्याले येणारी त्या इंग्रजीच्या खासगी क्लासात मी एकटीच होती. नाव होतं ना मले. हजेरीत चांगलं तीन शब्दायचं नाव लिहिलेलं होतं. पण दोन वर्षांत सरायनं ते एकदाबी तोंडातून काढलं नाही.

अन् लाजेची गोष्ट पुढंच आहे. मीबी हासली. हासता हासता ते वाक्य वहीत उतरवलं, सुंदर अक्षरात, अन् एसटीत बसून पाठ केलं.

(हे मी मुद्दाम आपल्या बोलीत लिहून राह्यली. शुद्ध मलेबी येते. आता कोणाले दाखवायची गरज नाही.)

सरायची एक पद्धत होती. आठवड्याले इंग्रजीचं एक क्रियापद घ्यायचं, त्याचे सारे अर्थ काढायचे, अन् दर अर्थाले क्लासातल्याच कोणाचं तरी वाक्य करायचं. "उदाहरण आपल्यातलंच हवं, म्हणजे डोक्यात पक्कं बसतं," असं म्हणत. त्या आठवड्यात 'टेक' होता. टेक म्हणजे घेणे, एवढंच आम्हाले गावच्या शाळेत शिकवलेलं. अठी समजलं, औषध खाल्लं तरी टेक, फोटो काढला तरी टेक, वेळ लागला तरी टेक, विमान उडालं तरी टेक, मुकाट्यानं सहन केलं तरी टेक. एवढासा शब्द! मले लय मजा आली होती. खरं सांगते, त्या शब्दावर माहा जीव जडला होता.

डॉक्टरच्या प्रणवचं विमान उडालं. वकिलाच्या पोरानं मोठा निर्णय घेतला. बंगल्यातल्या रियानं पुढाकार घेतला. अन् मी? मी कचरा नेला. मी दोष अंगावर घेतला. मी हुकूम ऐकले. मी मागचा बाक धरला.

संध्याकाळी माय चुलीपाशी भाकरी थापत होती. माय आपल्या वावरातली मेथी-वांगी नांदुऱ्याच्या बाजारात विकते. शाळेची पायरी तिनं पाह्यली नाही. म्हणे, "काय शिकली वं आज? वाच बरं मले."

मी ते कचऱ्याचं वाक्य वाचलं. इंग्रजीत, झोकात.

"माय वं! पोट्टी कशी फाडफाड बोलते!" तिचा चेहरा असा उजळला का मले पाहवेना. "अन् याचा मतलब काय?"

मी म्हटलं, "पोरगी सकाळी बागेतून फुलं आणते."

"बेस हाय," माय म्हणली अन् तिनं भाकर पलटवली.

मायले मी कधी खोटं बोलली नव्हती. क्लासात जे हासून घेतलं, ते तिच्यासमोर मराठीत सांगता आलं नाही. काऊन? तर ते हासण्यासारखं नव्हतंच म्हणून. मी दिव्याखाली वही घेऊन बसली. मागची पानं काढली. 'गेट', 'पुट', 'रन', सारी क्रियापदं. जठी जठी मी होती, तठी पेन्सिलीनं गोल केला. अकरा गोल झाले. अकरापैकी एकाबी वाक्यात मी धड माणूस नव्हती. मले एवढा राग आला का पेन्सिलीचं टोक मोडलं. पयला राग सरायचा नाही. माहाच. अकराच्या अकरा मले तोंडपाठ होती.

पंधरा दिवसांनी पालक सभा झाली. प्रत्येकानं 'टेक'चं एक वाक्य पालकांसमोर बोलायचं. वाक्य सरच चिठ्ठीवर लिहून देणार. माय बाजारातली बैठक सोडून, धुतलेलं लुगडं नेसून आली. खुर्चीवर बसायले गेली तर सर म्हणाले, "मावशी, तुम्ही मागे सतरंजीवर बसा, हं." पुढच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. मी पाह्यल्या.

माह्या चिठ्ठीवर होतं, "सर टुक पिटी ऑन मी." म्हणजे, सरांनी माझ्यावर दया केली.

पोट्टे एकेक करून बोलत होते. अर्ध्या पालकायले इंग्रजी समजत नव्हतं, तरी टाळ्या वाजत होत्या. सगळ्यात जोरात माही माय वाजवत होती, सतरंजीवरून.

माही पाळी आली. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली अन् वही उघडली. गोल केलेलं पयलं वाक्य इंग्रजीत वाचलं. मंग आपल्या बोलीत सांगितलं. दुसरं वाचलं, सांगितलं. तिसऱ्यापर्यंत टाळ्या बंद झाल्या होत्या.

सर उठले. "खाली बस. शुद्ध बोलता येत नाही, आणि इथे तमाशा करतेस?"

"तमाशा नाही, सर. फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतं."

"वाचू द्या तिले," मागून माय बोलली. ती उभी राह्यली होती. मी अकराबी वाचली.

मायनं इचारलं, "अन् ते फुलायचं कोनतं वं?"

"फुलायचं नव्हतंच, माय. ते कचऱ्याचं होतं."

माय सरायकडे वळली. "माह्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं होतं हो?"

"अहो मावशी, ती फक्त उदाहरणं आहेत."

"मंग दाक्तरच्या पोराले काऊन नाई नेऊ देला कचरा?"

डॉक्टर मोबाइलमध्ये पाहत बसला. त्या भरल्या खोलीत एकाच्याबी तोंडून 'चुकलं' निघालं नाही. आम्ही मायलेकी बाहेर पडलो. माहा क्लास त्या दिवशीच सुटला. इंग्रजी नाही सोडलं. ते काय सरायच्या बापाचं होतं?

आता मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजीच शिकवते. 'टेक' शिकवते तवा पोरं आपापलं वाक्य स्वतःच करतात. कोणाचं नाव दुसऱ्याच्या वाक्यात न इचारता घालू देत नाही.

मागच्या आठवड्यात सरायचा फोन आला. त्यायच्या पंच्याहत्तरीचा सत्कार आहे.

"तू आमची वडनेरवाली ना? जुनं काही मनात ठेवू नको. माझ्यामुळे कशी घडलीस, त्यावर दोन शब्द बोल."

मी हो म्हटलं.

जाणार आहे. मायलेबी नेणार आहे, अन् ती पयल्या रांगेत खुर्चीवर बसन. ती वही मी खाकी कव्हर घालून जपून ठेवली आहे, पेन्सिलीचे गोल अजून दिसतात. माइकपाशी उभी राहीन अन् आधी माहं नाव सांगीन, हजेरीत होतं ते, पूर्ण, तीनही शब्द. मंग वही उघडीन. अकराच्या अकरा वाचीन, अर्थासकट.