हप्त्याची तालीम

घर घेण्याआधी वर्षभर घराचा हप्ता भरून बघा, हा सल्ला माझ्या भावाचा. तो खोपोलीच्या कारखान्यात कामाला, स्वतःचा फ्लॅट घेऊन बसलेला, त्यामुळे शहाणपण शिकवायचा हक्क त्याच्याकडे आपोआप आला होता. "कर्ज डोक्यावर हायच असं समजा," तो म्हणाला. "दर म्हयन्याला तेवडे पैसे बाजूला काडा. जमलं तर बँकेत जा, नायतर गप भाड्यानं ऱ्हावा."

मला ते पटलं. दहिवलीत आम्ही भाड्याने राहत होतो. अकरा महिन्यांचा करार संपला की भांडीकुंडी टेंपोत घालायची आणि दुसरी गल्ली गाठायची. विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर तरी असतं, आम्हाला टेंपोचंही भाडं पडायचं. नवरा माथेरानला एका हॉटेलात स्वयंपाकी. पावसाळ्यात हॉटेल अर्धं बंद, म्हणून पगारही अर्धा. मी कर्जतला कापडाच्या दुकानात. आणि आमच्याकडे सासूबाई. लोधिवलीच्या घरात मोठ्या सुनेने त्यांना नकोसं केलं, तेव्हापासून त्या आमच्यात होत्या.

घराची खरी हौस त्यांनाच. आदल्या घरमालकाने भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला म्हणून आमचं डिपॉझिट कापलं होतं. तेव्हापासून त्या कुठल्याच भिंतीला टेकत नसत, खोलीच्या मधोमध पाय पसरून बसत. "येक भित माजी पायजे गं," म्हणायच्या. "मालकाला इचारून पाठ टेकायची म्हंजी काय!"

मग सुरू झाली तालीम. मटण बंद, नवं लुगडं-साडी बंद, लग्नाच्या आहेरात हात आखडता. सुरुवातीला मजाच वाटायची. नवरा सुट्टीला डोंगर उतरून आला की चपला काढता काढता विचारायचा, "काय, हप्ता भरला का घरमालकीणबाई?" सासूबाईंनी सुपारी सोडली. "ह्यो माजा हप्ता," त्या म्हणाल्या, आणि आम्ही हसलो. अडकित्त्याचा आवाज मात्र सकाळी यायचाच. मी म्हटलं, हाताची सवय, जाता जात नाही.

पावसाळा लागला आणि पगार अर्धा झाला. हप्ता मात्र आम्ही अर्धा केला नाही. तालीम म्हणजे तालीम. डाळ पातळ झाली, दूध चहापुरतं उरलं. रक्तदाबाच्या गोळ्या आणायचा दिवस आला की सासूबाई म्हणायच्या, "हायेत अजून, नको आणू." आणि मला बरंच वाटायचं. कोणाचं तरी काहीतरी पुरतंय, एवढंच डोक्यात यायचं.

तालमीचा शेवटचा महिना उरला होता. सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. अंगावरून वारं गेलं होतं. कर्जतच्या दवाखान्यातून पनवेलला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? मी ठणकावून सांगितलं, रोज. कुठल्या ते दाखवा म्हणाले, म्हणून नवऱ्याने घरी जाऊन सासूबाईंचा गोळ्यांचा डबा आणला. डब्यात सगळ्या अर्ध्या गोळ्या होत्या. अडकित्त्याने नीट मधोमध कापलेल्या.

मला दुःख नंतर झालं. आधी राग आला, भयंकर. त्यांचा, भावाचा, त्या हप्त्याचा. कोणी मागितलं होतं त्यांच्याकडे? एक अक्षर बोलल्या असत्या तर आम्ही काय गोळ्या आणल्या नसत्या? नवऱ्याला मी हेच विचारत राहिले आणि तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर मान खाली घालून बसला होता. आणल्या असत्या, असं तोही मोठ्याने म्हणाला नाही.

बाजूला काढलेले सगळे पैसे त्या दवाखान्यात गेले. वर भावाकडूनही घ्यावे लागले. त्याने नंतर कधी सल्ला दिला नाही. करार संपला तेव्हा सासूबाईंना गादीसकट टेंपोत ठेवलं आणि आम्ही पुन्हा गल्ली बदलली. त्यांना आम्ही सांगितलंय की पैसे बँकेत आहेत, बिल्डर तेवढा उशीर करतोय.

आता गोळी मीच देते. पूर्ण गोळी जिभेवर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर बसते. तरी त्या दाताने तोडतात. अर्धी आत जाते, अर्धी ओठांवर येते. बोलणं जड झालंय, पण मला कळतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणतात. "घर झालं की आख्खी खाईन."

मी बरं म्हणते आणि ती अर्धी बोटाने परत आत सारते.